काकूची विहीर आणि धाकट्याचं तळं

माय, धुऱ्यापलीकडच्या, आपल्या शेताला लागून असलेल्या काकूनं वावर सोडलं. तुझ्या शेवटच्या दुखण्यात जी रोज सकाळी येऊन तुझी वेणी घालून जायची, तीच काकू. गेल्या आठवड्यात मी तिला अहमदपूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवलं. लेकाकडं गेली ती. आणि जाण्याआधी तिनं तिचं रान बटईनं, निम्म्या वाट्यानं, लावून दिलं ते आपल्याच धाकट्याला, तुझ्या लेकाला. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी तेव्हापासून माणूस शोधतेय. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "तू एवढं मनाला का लावून घ्यायलीस? सगळीकडं असंच चाललंय." ऑफिसात सांगण्यासारखं नाही, कारण ऑफिसचाच त्यात हात आहे, म्हणजे माझाही. म्हणून रविवारची दुपार बघून तुला लिहायला बसले. थोडं लिहून झाल्यावर आठवलं की तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहितेय.

आपल्या विहिरीचं तुला माहीतच आहे. होळीच्या आसपास ती तळ दाखवायची, आणि तिथून मृगापर्यंत आपलं सगळं काकूच्या विहिरीवर. प्यायचं, सैपाकाचं, बैलांचं. मी परकर वर खोचून धुऱ्यावरून घागर आणतेय, अर्धं पाणी माझ्या अंगावर, आणि तू चुलीपुढून मागं न बघताच ओरडतेस, "रांजणाला आणलीस का समदं अंगालाच पाजलीस?" काकू तुझ्या शेजारी बसून लसूण सोलतेय आणि हसतेय. दुपारची ती बहुतेक आपल्याच घरी असायची. तिच्या सासूच्या तोंडापुढं तिला बसवत नसे. एकदा दादा काकांकडं गेले होते. मी बापाचं बोट धरून होते. इतकी वर्षं पाणी नेतो, काहीतरी ठरवून घेऊ, कडबा घ्या, नाहीतर सुगीत एखादं पोतं घ्या, असं दादा म्हणाले. त्यांना ते बोलणं जड गेलं असणार, कारण ते दारातच उभे होते, आत गेले नाहीत. काका तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "पाणी काय मी वतलोय का भुईत? न्या की." त्या विषयावर दोन्ही घरांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. धाकटा तेव्हा पाळण्यात होता.

सरकारी बांध म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळायचं, कारण तू ते डोक्यावर वाहिलेत. पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी तू नालाबंडिंगच्या कामावर जायचीस आणि शाळा सुटली की मी तुझी भाकरी घेऊन यायची. बायांची रांगच्या रांग खालून टोपली घेऊन चढायची, वर ओतायची, दुसऱ्या बाजूनं उतरायची. एक दिवस नुकताच चोपून झालेला बांध बघितला आणि मला राहवलं नाही. वर चढले आणि बसून घसरत खाली आले. पुन्हा चढले. तू टोपलं तिथंच टाकून आलीस आणि सगळ्या बायांपुढं माझ्या पाठीत रट्टा घातलास. "दिसभर बाया माती वाहू लाल्यात अन् तू त्याच्यावर घसरगुंडी खेळतीस? खाली आलेली माती कोण चढवणार, तुझा बाप?" मुकादम हसला, बाया हसल्या, मी रडत बाभळीखाली जाऊन बसले. संध्याकाळी घरी येताना तू मला समजावत होतीस, की हे पाणी इथं थांबलं की भुईत जाईल आणि खालच्या विहिरींना लागेल. मी फुरंगटून विचारलं, आपल्या विहिरीला लागंल का? तू म्हणालीस, "लागंल. न्हाई लागलं तर काकूचं हायच की."

मी कृषी खात्यात लागले ते तू बघितलंस. पहिली नेमणूक नायगावकडं होती. तेव्हा तू बाजारातून माझ्यासाठी गड्यांचे असतात तसले काळे कॅनव्हासचे बूट आणले होतेस, माझ्या मापापेक्षा मोठे. वावरात इंचूकाटा असतो, साहेबीण झालीस म्हणून पाय काय लोखंडाचे झाले न्हाईत, असं म्हणालीस आणि बोटांकडं जुनी चिंधी कोंबून दिलीस. साडीवर ते बूट घालून मी गावोगाव हिंडले. लोक हसायचे. त्यानंतर बदल्या होत होत मी आपल्याच तालुक्यात आले, आणि आपलं गावही माझ्याकडं आलं. तोवर तू राहिली नव्हतीस.

आता काम बदललंय, माय. पाणी अडवायला सरकार आता थेट शेतकऱ्याला अनुदान देतं. बांधाला देतं, ठिबकला देतं, फळझाडांना देतं, आणि शेततळ्याला देतं. ऑनलाइन अर्ज, मग सोडत, मग माझी आखणी, मग जेसीबी. तुमच्या सगळ्या बायांना महिना लागला असता तेवढी माती ते यंत्र बघता बघता उचलतं. आत जाड काळं प्लास्टिक अंथरतात, म्हणजे थेंबभर मुरत नाही. मी मोबाइलवर फोटो काढते, फोटोत जागेचा ठावठिकाणा आपोआप येतो, आणि अनुदान खात्यावर जमा होतं. यात कुणी खोटं वागतं असं नाही. तळं खरंच असतं. पाणीही खरंच असतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं, उन्हाळ्यात झाडांना द्यायचं, असा यामागचा विचार आहे आणि तो चांगला विचार आहे, हे मी सभांमधून इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणेन.

धाकट्याचं नाव सोडतीत निघालं तेव्हा मला आनंदच झाला. त्यानं पेरूची बाग धरली होती, पोरगी लातूरला शिकायला ठेवली होती, रात्रंदिवस राबत होता. आखणीला मी स्वतः न जाता दुसऱ्या सज्जाच्या, म्हणजे शेजारच्या गावांचं काम बघणाऱ्या मॅडमना पाठवलं, भावाचं काम बहिणीनं करू नये म्हणून. पण खोदाईच्या दिवशी गेले. काकूनं जेसीबीच्या दातांना हळदकुंकू लावलं, नारळ तिच्याच हातानं फोडला. जेसीबी चालवणारा गुत्तेदाराचा माणूसही पाया पडला तिच्या. सगळे पेढे खात होते आणि मी जागेकडं बघत होते. तळं वरच्या कोपऱ्यात आखलेलं, बोअरच्या अगदी जवळ. वाहतं पाणी तिथं येईलच कसं? मी धाकट्याला बाजूला घेतलं.

"खालच्या अंगाला का नाही घेतलंस? पाणी तिकडं वाहतंय."

"खाली घेतलं तर मोटार लावून वर चढवावं लागतंय, अक्का. वर असलं की आपोआप बागंला जातंय."

"अरे पण भरणार कसं?"

तो माझ्याकडं बघून हसला, लहानपणी हसायचा तसं. "बोअर कशाला हाय मग?"

मी म्हणाले, हे पावसाच्या पाण्यासाठी असतं. तो म्हणाला, "पाऊस पडला तर पडंल की त्याच्यातबी."

त्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला, म्हणून काही जाणवलं नाही. दिवाळीनंतर विजेची लाईन असेल तेव्हा बोअर चालू, रात्री चालू, दिवसा चालू. भुईतलं पाणी वर येऊन उन्हात चमकत पडलं. तळं काठोकाठ झालं आणि लांबून बघितलं की खरंच डोळे निवायचे. दुसऱ्या वर्षी आसपासच्या चौघांनी तसलीच तळी घेतली. त्यांच्या आखणीला मी गेले होते. त्यांनी तर बोअरही नवे पाडले. आणि संक्रांतीला मी वाण घेऊन काकूकडं गेले तर ती मला विहिरीवर घेऊन गेली. मी वाकून बघितलं. तू गेलीस त्या उन्हाळ्यातही त्या विहिरीत एवढं खाली पाणी मी बघितलं नव्हतं. काका गेल्यापासून ती त्याच विहिरीवर मेथी, कोथिंबीर, वांगी करायची आणि टोपली घेऊन बाजाराला बसायची. लेक बोलवायचा, पण ती जायची नाही.

"तू सरकारातली हायस," ती म्हणाली. "सांग की तुझ्या भावाला. माझं ऐकंल का त्यो? मी बोललं तर तकरार केल्यावानी दिसतंय."

मी त्याला सांगितलं, माय. त्याच्या आखाड्यावर, वावरातल्या घरी, चहा पिता पिता. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मीही चिडले असते. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, "बोअर माझ्या वावरात हाय. तळं तुमच्या खात्यानंच दिलंय. मी एकट्यानं बंद केलं तर काकूच्या विहिरीला येतंय का? बाकीचे चौघं ओढू लालेतच की. मग बाग वाळवू का? पोरीला परत आणू का? तू सांग, तू म्हणशील तसं करतो." मग मी तालुक्याला साहेबांकडं गेले. चांगला माणूस आहे, तरुण आहे, काम करतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तळं आहे ना जागेवर? पाणी आहे ना त्यात? मग आपण लिहायचं काय? पाणी आभाळातलं की बोअरचं, हे फोटोत दिसत नाही." ते हसत नव्हते. पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहून सांगितलं की तळी पावसाच्या पाण्यानं भरायची असतात, बोअरनं भरली तर सगळ्या शिवाराच्या विहिरी आटतील. लोकांनी नीट ऐकलं. हाव बाई, खरं हाय बाई, असं म्हणाले. आणि नंतर एकानं विचारलं, पुढची सोडत कधी हाय?

उन्हाळ्यात विहीर पार आटली. मग काकू धुऱ्यावरून इकडं यायला लागली. धाकट्याच्या बायकोनंच तिला सांगितलं होतं, तळ्यातून न्या की काकू, कोण नको म्हणतंय. ती बादलीला दोरी बांधून काठावरून पाणी ओढायची आणि दोन वाफे जगवायची. एवढं म्हातारपण झालं तरी बाजार सोडायची नाही. त्या दिवशी मी जेवायला गेले होते. आम्ही तिघं ताटावर बसलो होतो, आणि तळ्याकडून एक आवाज आला, बादली आपटल्यासारखा, आणि पाठोपाठ काकूची हाक. तुला मारायची तशीच लांब हाक, पण नाव धाकट्याचं.

आम्ही पळालो. ती पाण्यात होती. काकूला पोहता येत होतं, तुला तर माहीत आहे, माहेरच्या नदीवर शिकलेली. ती बुडत नव्हती. पण पोहता येऊन काय करायचं, वर चढता येत नव्हतं. ती प्लास्टिकवर हात टेकायची आणि हात सटकायचा, गुडघा टेकायची आणि गुडघा सटकायचा. बोटांनी ती त्या गुळगुळीत काळ्या उताराला ओरबाडत होती. मी काठावर पालथी पडले, धाकट्याच्या बायकोनं माझे पाय धरले, आणि मी हात लांब केला. पुरला नाही. पदर सोडून टाकला, तो पाण्यावर पसरला पण तिच्यापर्यंत गेला नाही. ती माझ्याकडं बघत होती, माय. ओरडत नव्हती आता, दम वाचवत होती, नुसती बघत होती. मी इतकी तळी बघितली, मोजली, त्यांचे फोटो काढले, आणि आत पडलेला माणूस बाहेर कसा काढायचा ते मला येत नव्हतं. धाकट्यानं मोटारीचा दोर सोडून आणला, एक टोक लिंबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि सरळ उडी टाकली. त्यानं तिला काखेत धरलं आणि आम्ही दोघींनी दोर ओढला. कशी ताकद आली माहीत नाही. वर आल्यावर ती खोकली, बसली, आणि तळ्याकडं बोट करून म्हणाली, "माझी बादली ऱ्हायली की रे आत." धाकटा तिच्या पायाशी बसून लेकरासारखा रडला.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. एवढं झाल्यावर काहीतरी बदलेल. बदललं ते असं, की धाकट्यानं दुसऱ्याच दिवशी तळ्याभोवती तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. घालावंच लागत होतं. मीच त्याला म्हणाले होते, आणि बाकीच्या चौघांनाही मी स्वतः जाऊन बजावलं. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच सांगितलं असतं. काकूसाठी तो कुंपणाबाहेर एक टाकी भरून ठेवू लागला. काही दिवस रोज भरली. मग लाईनचं वेळापत्रक बदललं, मग बागेत फवारणी आली, मग तो लातूरला पोरीकडं गेला, आणि टाकी कधी भरायची, कधी राहायची. काकू मागायला कधी आली नाही. एवढ्या वर्षांत त्या धुऱ्यावरून पाणी कधी मागून घेतलेलं तिला ठाऊकच नव्हतं, तिला देणंच ठाऊक होतं. मेथी वाळली. वांगी तिनं उपटून शेळ्यांना टाकली.

पाण्यात पडल्याचं लेकाला कळलं तसा तो आला आणि म्हणाला, आता पुरे. ती नाही म्हणाली नाही. जाण्याआधी धाकट्याला बोलावून म्हणाली, "रान पडीक नको ठेवूस, तूच कर. तुझ्याकडं पाणी हाय." यात टोमणा असता तर मला कळला असता. तसं काही नव्हतं. ती आपली हिशोबी शेतकरी बाईच्या आवाजात बोलत होती, कुणाकडं पाणी आहे आणि कुणाकडं नाही. स्टँडवर गाडी सुटेपर्यंत मी खिडकीपाशी उभी होते. मी म्हणाले, काकू, मला काही करता आलं नाही. ती म्हणाली, "तू काय करशील बाई? तू तर नोकरदार माणूस." आणि माझ्या गालावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. गाडी हलल्यावर ती पुढं बघत बसली, मागं वळून बघितलं नाही.

पुढची सोडत निघाली आहे. उद्या मला आपल्याच शिवारात आखणीला जायचंय. मी जाणार. मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल, आणि त्या शेतकऱ्याचं काय चुकलं, त्यालाही बाग जगवायचीच आहे. जागा खालच्या अंगाला घ्या म्हणून मी सांगेन, तो हाव म्हणेल, आणि जेसीबी येईल तेव्हा तळं वरच निघेल. आभाळातलं पाणी आणि भुईतलं पाणी यातला फरक ज्याला सांगायला जावं त्याला तो आधीच माहीत असतो.

हा कागद मी कुठं टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. फक्त एक गोष्ट तुझ्यापुढं कबूल करते. सुरुवातीपासून मी हे सगळं तू काकूच्या बाजूनं बोलली असतीस असं धरून लिहीत आलेय. तू असतीस तर धाकट्याचा कान धरला असतास, टाकी स्वतः भरली असतीस, असं मनात घोळवत होते, त्यानं मला बरं वाटत होतं. पण तो तुझा धाकटा होता. भरलेलं तळं बघून आणि त्याची हिरवी बाग बघून तू काय म्हणाली असतीस, हे मला खरंच माहीत नाही, माय.